वीस नंबरची ओळ

परवा मुरगूडहून पिराजीमामांचा फोन आला. "सर, आता लिवा," एवढंच म्हणाले. मी विचारलं, सगळं लिहू का? तर म्हणाले, "सगळंच की. अर्धं लिवून काय उपेग?" म्हणून लिहायला बसलो आहे. नाहीतर ही गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती, आणि खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं होतं.

मी इंगवले. कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. पिराजीमामा आमच्या शाळेचे शिपाई. शाळेत शिपायाला मुलं मामा म्हणतात, त्यामुळे आम्ही मास्तरही मामाच म्हणायचो. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र असा की मैदानातून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग गप्प व्हायचा. घर मुरगूडचं, शेतकऱ्याचं. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं वाढवलं. तिला सगळा गाव आक्का म्हणे. आक्कांनी लग्न ठरताना अट घातली होती की भाऊ माझ्यासंगं येईल, आणि नवऱ्याकडच्यांनी ती मानली. भावाला सातवीपर्यंत शिकवलं, पुढं आमच्या शाळेत नोकरीला चिकटवून दिलं. स्वतः आक्का चौथी पास.

शिपायाचं एक काम असतं, सूचनावही फिरवणं. हेडमास्तरांनी काही लिहिलं की ती वही घेऊन वर्गावर्गात जायचं, मास्तरांची सही घ्यायची. मामांनी हे इतकी वर्षं केलं होतं की कोणता मास्तर कोणत्या वाराला कोणत्या तासाला कुठं असतो आणि कोण रिकामा बसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. एखादा शिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर बदली तास कुणाला द्यायचा, हे पर्यवेक्षक वेळापत्रकात डोकं खुपसून शोधत बसायचे. मामा दारातूनच नाव सांगून टाकायचे. पर्यवेक्षकांना ते आवडत नसे.

सत्त्याऐंशी साली दिवाळीनंतर शाळेला सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. त्याचं शिक्षण घ्यायला दहा दिवस पुण्याला कोण जाणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी घरची कामं सांगितली. मी सगळ्यात लहान, म्हणून मला पाठवलं. मी परत आलो तो सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा आणि भरपूर शेखी घेऊन. समजलं होतं त्यातलं निम्मं.

आजच्या पोरांना त्या यंत्राची कल्पना येणार नाही. त्यात चित्रं नव्हती, माऊस नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. बटण दाबलं की बारीक आवाज व्हायचा, काळ्या पडद्यावर 'बेसिक' असा एक शब्द यायचा आणि खाली एक छोटी रेघ लुकलुकत बसायची. म्हणजे आता तुम्ही बोला. बेसिक म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, ती कारखान्यातच यंत्राच्या पोटात बसवून पाठवलेली. बाहेरून काही घालायला नको, बटण दाबलं की हजर. तुम्ही लिहिलेलं मात्र वीज गेली की पुसलं जायचं. कॅसेटवर साठवायची सोय होती, पण शाळेचा टेपरेकॉर्डर एकच आणि तो प्रार्थनेला लागायचा. त्यामुळे रोज सकाळी सगळं नव्यानं टंकायचं.

आम्ही त्या यंत्राचं काय केलं, तर देवघर केलं. वेगळी खोली, दाराला जाळी, जाळीला कुलूप, चपला बाहेर. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. अक्षतांचा एक दाणा कळांच्या फटीत गेला आणि कळ दबेना. मी घाम पुसत पुण्याला पत्र लिहायला बसलो. मामांनी बायकोची केसातली पिन आणून दाणा काढला. किल्ली त्यांच्याकडे असायची, धूळ तेच पुसायचे, सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद तेच करायचे.

मी चाळीस मुलांना फळ्यावर बेसिक शिकवायचो आणि मुलांना आठवड्यातून दहा मिनिटं यंत्रापुढं बसवायचो. खोली उघडी असेपर्यंत मामांना दारात उभं राहावं लागे. मी शिकवलं ते असं: प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा. दहा, वीस, तीस असे दहादहाच्या अंतरानं. यंत्र त्या क्रमानं चालतं. नंतर काही आठवलं तर मधला नंबर देऊन टंका, कधीही टंका, यंत्र ती ओळ तिच्या जागेवर नेऊन बसवतं. आणि ओळ काढून टाकायची असेल तर नुसता तिचा नंबर लिहून ओळ संपवायची मोठी कळ दाबायची. ओळ गेली.

त्या दिवशी तास सुटल्यावर मामा म्हणाले, दहादहाचं अंतर म्हणजे पंगतीत मागनं येणाऱ्याला जागा सोडल्यागत की. मी हसलो. एवढं चांगलं मला फळ्यावर सांगता आलं नव्हतं, आणि पुढच्या वर्गाला मी ते माझं म्हणून सांगितलं. सवय तिथंच लागली असावी.

मामा हळूहळू विचारायला लागले. सकाळी मी आलो की पडद्यावर काहीतरी असायचंच. आधी पाढे, मग घंटेच्या वेळा. एका जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ते इंग्रजी अक्षरं काढून ठेवायचे, मोठी मोठी, सुटी सुटी. सहा महिन्यांनी त्यांनी मला बदली तासाचा प्रोग्राम दाखवला. वार सांगा, तास सांगा, रजेवर कोण ते सांगा. त्या तासाला रिकाम्या असलेल्या मास्तरांची नावं पडद्यावर. त्यातही ज्याला त्या आठवड्यात बदली तास कमी मिळाले तो सगळ्यात वर. मी तीनचार प्रश्न घालून पाहिलं, बरोबर आलं. मला आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही. दहा दिवस पुण्याला मी गेलो होतो.

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि शिक्षण खात्याचे एक साहेब यायचे होते. हेडमास्तरांनी विचारलं, कॉम्प्युटरवर काही दाखवता येईल का. मी बदली तासाचं सांगितलं. कुणी केलंय, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत सगळे मला शाबासकी द्यायला लागले आणि मी चहा पीत राहिलो. वाटलं, प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यावर नाव येईलच की, तेव्हा कळेल.

कारण प्रदर्शनाची रीत ठरलेली. प्रत्येक वस्तूपुढं पुठ्ठा असतो. त्यावर शाळेचं नाव, खाली कर्ता, खाली मार्गदर्शक शिक्षक. मामांनी ती रीत दहा वर्षं पुठ्ठे चिकटवून पाठ केलेली. त्यांनी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच तीन ओळी घातल्या. दहा नंबरला शाळेचं नाव. वीस नंबरला पिराजी, पुढं आडनाव, गाव मुरगूड. तीस नंबरला मार्गदर्शक म्हणून मी. चालू केलं की पडद्यावर ही तीन नावं यायची, मग प्रोग्राम सुरू व्हायचा.

त्या सकाळी मामांनी सातला येऊन सगळा प्रोग्राम टंकला आणि ते शाल, नारळ, खुर्च्या यांच्या मागं पळाले. साहेब यायला दहा मिनिटं होती. मी खोलीत एकटा होतो. पडद्यावरची तीन नावं वाचली. शिपायाचं नाव वर, माझं खाली. शिक्षकखोलीतले चेहरे डोळ्यापुढं आले. आठवडाभर मी प्यायलेला चहा आठवला. मी वीस लिहिलं आणि मोठी कळ दाबली.

एवढंच. दोन आकडे आणि एक कळ. मनाशी म्हणालो, आजचा दिवस जाऊदे, उद्या परत घालू.

साहेब आले, मागं पालकांची गर्दी आली. जाळीच्या दारात मुंग्यांसारखी माणसं. मी प्रोग्राम चालू केला. वर शाळेचं नाव, खाली माझं. साहेबांनी गुरुवारचा चौथा तास विचारला, उत्तर आलं. त्यांनी हुशारी म्हणून शनिवार विचारला, कारण शनिवारी सकाळची शाळा, तास वेगळे. मला धडकी भरली. तेही आलं. मामांनी शनिवारचा विचार केला होता हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्याच गडबडीत दारातून एक बाई आत आल्या. हिरवं नऊवारी, हातात दह्याचं गाडगं. माझ्या नावाकडे त्यांनी टक लावून पाहिलं, गाडगं खाली ठेवलं, पडद्यावरून दोन्ही हात ओवाळून कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली आणि डोळे पुसत निघून गेल्या. कुणीतरी हसलं. मीही हसलो. पुढं कितीतरी वर्षं प्रशिक्षणवर्गांत मी हा किस्सा रंगवून सांगितला, की खेड्यातल्या एका माउलीनं कॉम्प्युटरवरच्या माझ्या नावाची अलाबला घेतली. हमखास हशा यायचा.

संध्याकाळी मामा यंत्र बंद करायला आले. बंद करायच्या आधी त्यांनी सगळ्या ओळी पडद्यावर मागवल्या. दहानंतर तीस.

"सर, वीस नंबर?"

मी म्हणालो, साहेबांपुढं नावांची गर्दी नको म्हणून काढला, उद्या घालू.

"बरं," म्हणाले, आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोग्राम टंकला तो दहा, तीस, चाळीस असाच. मीही वीस नंबर घातला नाही. त्यानंतर त्यांनी मला बेसिकमधलं कधी काही विचारलं नाही. वर्षभरानं कॉम्प्युटर खोलीला मदतनीस नेमायचा विषय निघाला, तेव्हा हेडमास्तरांनी मला माहितीतला माणूस विचारला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. बाहेरून कुणीतरी आला. त्याला अक्षतांचा दाणासुद्धा काढता आला नसता. मामा शिपाई म्हणून लागले, शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. मी मात्र त्या प्रोग्रामवर जिल्ह्यात नाव मिळवलं, इतर शाळांच्या मास्तरांना शिकवलं, पर्यवेक्षक झालो. हे सगळं कसं घडत गेलं ते मला ठाऊक आहे आणि मी कुठंही थांबलो नाही.

गेल्या वर्षी शाळेचा अमृतमहोत्सव होता. राजवीर म्हणून माझा एक विद्यार्थी आहे, राजारामपुरीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यानं अडगळीतून ते यंत्र काढलं, आतले दोनचार भाग बदलले आणि चक्क चालू केलं. मला फोन केला, सर, बटण दाबल्याबरोबर बेसिक हजर बघा, जशीच्या तशी. डिसेंबरमध्ये तुमचा सत्कार, आणि तुमचा तो बदली तासाचा प्रोग्राम सगळ्यांपुढं चालवायचा. तेवढा लिहून आणा.

मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. माझा प्रोग्राम. त्यातली एक ओळ मला येत नव्हती. तो जगात एकाच ठिकाणी होता, हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर. मामा निवृत्त झाल्यावर तेरा वर्षं मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

मुरगूडला गेलो. मामांनी दारातच ओळखलं. पाणी दिलं, चहा दिला. पुढच्या सोप्यात एक म्हाताऱ्या बाई कॉटवर बसून लसूण सोलत होत्या. ह्या आक्का, मामांनी सांगितलं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मी गोंधळलो. मी हजेरीपट मागितला. मामांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि तो ट्रंकेतून काढला, फडक्यात गुंडाळलेला. पहिलं पान उघडलं. दहा. खाली वीस, संपूर्ण, निळ्या शाईत, पिराजी आणि गाव मुरगूड. त्याच्या कडेला पेन्सिलनं छोटी फुली. गैरहजर मास्तराच्या नावापुढं ते सूचनावहीत करायचे तशी.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, मामा, मी चुकलो. सत्काराच्या दिवशी माईकवरून सगळ्यांना सांगणार आहे, की प्रोग्राम तुमचा होता आणि तुमचं नाव मी पुसलं. बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं. मामांनी उठून सोप्याचं दार लोटलं.

"सर, त्या दिशी आक्का आलती," ते म्हणाले. "पहाटंच्या यष्टीनं. तिला इंग्रजी येत न्हाय. मी सांगून ठेवलंतं, वरनं दुसरी वळ माझी. तिनं दुसरी वळ बघितली. बोटं मोडली. घरी येऊन समद्या गल्लीला सांगितलं, माझ्या भावाचं नाव टीवीवर आलं. आजून सांगत्या."

हिरवं नऊवारी, दह्याचं गाडगं. त्या किश्श्यावर आलेला सगळा हशा माझ्या कानात वाजायला लागला.

"आता तुमी माईकवर सांगणार, ती वळ माझ्या भावाची नव्हतीच म्हणून," मामा म्हणाले. "तिनं काय करायचं वो? चौऱ्याऐंशी वय हाय तिचं. तुमाला बरं वाटंल. तिचं काय?"

मी विचारलं, मग मी काय करू?

"काय करू नगा. माझी वळ घाला आन् गप बसा."

माफी मागायचीसुद्धा मला घाई होती, ती माझ्यासाठी होती, हे मला त्या लोटलेल्या दारापाशी कळलं. अडुसष्टाव्या वर्षी.

सत्काराला राजवीरनं गाडी पाठवून मामांना आणि आक्कांना आणलं. आक्का पहिल्या रांगेत बसल्या. यंत्र टेबलावर ठेवलं होतं, मागं मोठा पडदा. मामा एका बोटानं टंकत होते, हजेरीपट शेजारी. पोरं शांत बघत होती. त्यांनी दहा टंकलं. मग तीस. मग चाळीस, पुढं शेवटपर्यंत. मग हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खाली वाकलो. वीस लिहिलं, पुढं त्यांचं नाव लिहिलं, मोठी कळ दाबली. सगळ्यात शेवटी टंकलेली ओळ, पण यंत्रानं ती दहा आणि तीसच्या मध्ये नेऊन बसवली. प्रोग्राम चालू केला. शाळेचं नाव, पिराजीमामांचं नाव, खाली माझं.

माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, हा प्रोग्राम पिराजीमामांचा आहे, मी फक्त वर्गात शिकवत होतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक म्हणाला, बघा, हा सरांचा मोठेपणा. मी ते खोडू शकलो नाही, कारण आक्का पहिल्या रांगेत होत्या. माझ्या खांद्यावर शाल घातली. ती मी काढून मामांच्या खांद्यावर घातली तर पुन्हा टाळ्या. त्या दिवशी मी जे काही केलं त्यातून माझाच मोठेपणा निघत राहिला, आणि मी लाजेनं अर्धा झालो.

खाली उतरलो तर आक्कांनी हात केला. मी जवळ गेलो. त्यांनी पडद्याकडे हात ओवाळले, कानशिलाशी बोटं मोडली. बोटांतून आता आवाज येत नव्हता. मग माझा हात धरला.

"तवाबी असंच आलतं की सर," म्हणाल्या. "दुसरी वळ. तुमी येऊ दिलासा म्हणून आलं. शिपायाचं नाव दुसऱ्या कुणी येऊ दिलं नसतं."

मी म्हणालो, "व्हय, आक्का."

आक्का या चैत्रात गेल्या. बाराव्याला मी मुरगूडला गेलो होतो. अंगणात बसलो असताना गल्लीतली एक बाई शेजारणीला माझ्याकडे बोट करून सांगत होती, की हेच ते सर, आक्का सारखं ज्यांचं नाव घ्यायची. शेजारणीनं मला नमस्कार केला. मामा तिथंच पाण्याची घागर घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही नमस्कार परत करून खाली बघत बसलो.